फाइल काय लक्षात ठेवते? संगीताच्या फायली आणि नोटेशनमधले रिपीट

कीबोर्ड शिकणाऱ्या मुलांचे पालक, शाळेत समूहगीत बसवणारे शिक्षक, चर्चच्या कॉयरसाठी स्टाफ नोटेशन टाइप करणारे तरुण, नव्यानेच संगणकाकडे वळलेले हार्मोनियमवादक. विचारणारे वेगवेगळे असतात, पण प्रश्न फिरून फिरून हेच तीन येतात:

- "मूळ पुस्तकात ३२ बार आहेत. मिडी फाइल उघडली तर ६४ बार दिसतात. हे कसं झालं?"
- "माझ्याकडे गाण्याची एमपी३ आहे. त्यातून नोटेशन कसं काढू?"
- "रिपीटच्या खुणा कागदावर व्यवस्थित दिसतात, पण वाजवायला लावलं की प्रोग्रॅम सरळ पुढे निघून जातो. चूक कुठे आहे?"

तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. संगीताची प्रत्येक फाइल काहीतरी लक्षात ठेवते आणि काहीतरी सोडून देते. तुमच्यासमोरची फाइल काय लक्षात ठेवते हे कळलं, की तिच्याकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे आपोआप ठरतं.

पहिली पायरी: फाइलची जात ओळखा

संगणकावर फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, बहुतेक वेळा लपवलेलं असतं. विंडोजमध्ये फोल्डर उघडून 'व्ह्यू' मेनूमधून 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' सुरू करा. आता प्रत्येक फाइल या चारपैकी एका गटात टाका:

1. आवाजाची फाइल. वॅव, फ्लॅक, एमपी३, एम४ए आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटची ओपस. यात हवेतली कंपनं साठवलेली असतात. कोणता स्वर, किती मात्रा, कोणता ताल, यातलं काहीही तिला ठाऊक नसतं.
2. वाजवण्याची फाइल. मिडी. कोणती पट्टी केव्हा दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, मुख्यतः याची नोंद. आवाज तिच्यात नसतो. तो तुमचा कीबोर्ड किंवा संगणक पुरवतो.
3. लिखाणाची फाइल. नोटेशन लिहिण्याच्या प्रोग्रॅमांच्या फायली: म्यूझस्कोरची एमएससीझेड, सिबेलियसची एसआयबी, फिनालेची एमयूएसएक्स, डोरिकोची स्वतःची फाइल आणि या सगळ्यांमध्ये देवाणघेवाणीसाठी असलेली म्यूझिकएक्सएमएल. स्वर, बार, सूर-ताल-चिन्हं, शब्द आणि रिपीट हे सगळं यात असतं.
4. चित्राची फाइल. पीडीएफ, किंवा पुस्तकाच्या पानाचा फोटो. डोळ्यांना सगळं दिसतं, पण संगणकाच्या लेखी ते फक्त रेघा-ठिपक्यांचं चित्र.

एकच रचना, चार फायली

कीबोर्ड शिकणाऱ्या बहुतेक मुलांनी वाजवलेली एक रचना घेऊ: 'मिन्युएट इन जी'. बाखच्या पत्नीच्या, अ‍ॅना माग्दालेनाच्या १७२५ च्या वहीत ती आहे. अनेक वर्षं ती बाखच्या नावावर होती, पण रचनाकार ख्रिश्चन पेट्झोल्ड. तीन मात्रांचा बार, १६ बारांचे दोन भाग आणि प्रत्येक भाग दोनदा. म्हणजे कागदावर ३२ बार आणि वाजवताना ६४.

मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत हे ६४ बार ९६ सेकंदांत संपतात. आता हिशेब पाहा:

- वॅव (सीडीच्या दर्जाची, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, स्टिरिओ): सुमारे १७ एमबी.
- एमपी३ (१२८ केबीपीएस): सुमारे दीड एमबी. कानाला सहसा जाणवणार नाही असा तपशील काढून टाकलेला, आणि टाकलेला तपशील परत मिळत नाही.
- मिडी: जेमतेम काही केबी. तिच्यात ६४ बार सलग ओळीने येतात.
- म्यूझिकएक्सएमएल: ३२ बार, आणि त्यात 'इथून मागे जा' अशी स्पष्ट सूचना.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. १९८३ मध्ये मिडी आलं ते एका वाद्याने दुसऱ्या वाद्याला 'ही पट्टी दाब, ती सोड' असं सांगावं म्हणून. मिडी फाइल म्हणजे अशा सूचनांची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची यादी. 'मागे जा' ही वाचणाऱ्याला दिलेली सूचना असते, आणि मिडीत वाचणारा कुणी नसतोच. म्हणून नोटेशनची मिडी करताना प्रोग्रॅम रिपीट उलगडून टाकतो. म्यूझस्कोरमध्ये निर्यात करताना 'एक्स्पांड रिपीट्स' असा पर्याय येतो. तो काढला तर ३२ बारच जातील, पण मग प्रत्येक भाग एकदाच वाजेल. रिपीटची खूण मात्र दोन्ही पर्यायांत हरवते.

मिडीत आणखी एक गोष्ट हरवते. मधला एफ शार्प आणि मधला जी फ्लॅट, दोघांचाही क्रमांक ६६. त्यामुळे मिडी उघडून तयार झालेल्या नोटेशनमध्ये शार्पच्या जागी फ्लॅट दिसला, तर तो दोष तुमचा नाही.

कोणत्या कामाला कोणती फाइल?

- सहकाऱ्याने नोटेशनमध्ये बदल करायचे आहेत आणि त्याच्याकडे तोच प्रोग्रॅम आहे: मूळ फाइल पाठवा. आवृत्ती मात्र विचारून घ्या. म्यूझस्कोर ४ मध्ये साठवलेली फाइल म्यूझस्कोर ३ मध्ये नीट उघडत नाही.
- त्याच्याकडे दुसरा प्रोग्रॅम आहे: म्यूझिकएक्सएमएल पाठवा. एमएक्सएल हे तिचंच दाबून लहान केलेलं रूप. स्वर, रिपीट, शब्द पोचतात. पानावरची मांडणी थोडी हलते, ती तिकडे लावून घ्यावी लागते.
- वादकांनी फक्त वाचून वाजवायचं आहे: पीडीएफ.
- कीबोर्डवर साथ लावायची आहे किंवा रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये वाद्यं बदलायची आहेत: मिडी. काही कीबोर्ड 'फॉरमॅट ०' हीच मिडी वाचतात. पेनड्राइव्ह लावूनही फाइल दिसली नाही, तर आधी कीबोर्डच्या पुस्तिकेत हे तपासा.
- मुलांनी घरी ऐकून सराव करायचा आहे: एमपी३.
- रेकॉर्डिंग जपून ठेवायचं आहे: वॅव किंवा फ्लॅक. फ्लॅक फाइल लहान करते, पण आवाजातलं काहीही टाकून देत नाही.

कुठून कुठे जाता येतं?

लिखाणाच्या फाइलमधून बाकी तिन्ही हुकमी काढता येतात: पीडीएफ, मिडी, आवाज. उलट दिशेला मात्र दर वेळी अंदाज बांधावा लागतो.

- एमपी३ वरून नोटेशन: असे प्रोग्रॅम आहेत. एकट्या बासरीची किंवा पियानोची स्वच्छ ओळ असेल, तर कामचलाऊ उत्तर मिळतं. गायक, तबला, हार्मोनियम, टाळ असा मेळ असेल तर हाती येणारं नोटेशन दुरुस्त करण्यापेक्षा ऐकून लिहिणं लवकर होतं.
- पीडीएफ वरून नोटेशन: ऑडिव्हेरिस हा मोफत प्रोग्रॅम छापील पान वाचून म्यूझिकएक्सएमएल देतो. स्कॅन सरळ आणि ठळक हवं. हाताने लिहिलेल्या वहीची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका. रिपीटचे दोन ठिपके वाचताना निसटू शकतात, म्हणून ते आधी तपासा.
- मिडीवरून नोटेशन: स्वर बरोबर येतात, लेखन अस्ताव्यस्त येतं.
- एमपी३ वरून वॅव: फाइल मोठी होते, आवाज सुधारत नाही.

रिपीट आपल्याला नवा नाही

आरतीसंग्रह उघडा. अनेक ठिकाणी कडव्याच्या शेवटी '॥धृ.॥' छापलेलं असतं. ध्रुवपद पुन्हा छापत नाहीत, तरी घरातलं लहान मूलही तिथे पोचलं की मागे जातं. ही खूण म्हणजेच रिपीट: लिहायचं एकदा, म्हणायचं अनेकदा, आणि कुठून कुठे परतायचं हे खुणेने सांगायचं. स्टाफ नोटेशनमध्ये त्यासाठी अशा खुणा आहेत:

- सुरुवातीची आणि शेवटची रिपीट-रेघ: जाड रेघ आणि दोन ठिपके. शेवटच्या रेघेवरून सुरुवातीच्या रेघेकडे परत.
- पहिला आणि दुसरा शेवट: बारांवरचे १ आणि २ आकड्यांचे कंस. पहिल्या वेळी १ चा, दुसऱ्या वेळी तो वगळून २ चा.
- डी.सी.: अगदी सुरुवातीला जा.
- डी.एस.: 'सेन्यो' या खुणेकडे जा. आपल्या '॥धृ.॥'च्या सगळ्यात जवळची ही.
- फिने आणि कोडा: परत आल्यावर कुठे थांबायचं, किंवा कुठून शेवटाच्या तुकड्यावर उडी मारायची.

एक गाणं भरून पाहू

ध्रुवपद आणि तीन अंतरे, ही मराठी गाण्याची नेहमीची बांधणी. उदाहरणासाठी चार मात्रांचा बार धरू:

- बार १ ते ४: सुरुवातीचं म्युझिक
- बार ५ ते १२: ध्रुवपद
- बार १३ ते २०: मधलं म्युझिक
- बार २१ ते ३६: अंतरा
- बार ३७ ते ४०: शेवट

तिन्ही अंतऱ्यांची चाल एकच आहे, आणि तिसऱ्या अंतऱ्यानंतर ध्रुवपद म्हणून गाणं संपतं. म्यूझस्कोरमध्ये हे असं भरा:

1. सगळे ४० बार रिपीटशिवाय लिहून घ्या. स्वर तपासा. रिपीट नेहमी शेवटी.
2. बार ५ निवडा आणि 'रिपीट्स अँड जम्प्स' या पॅलेटमधून सुरुवातीची रिपीट-रेघ द्या. बार ३६ ला शेवटची रिपीट-रेघ द्या.
3. बार ३६ च्या 'मेझर प्रॉपर्टीज'मध्ये 'प्ले काउंट' २ असतो. तो ३ करा. वादकांसाठी वर '३ वेळा' असंही लिहा.
4. बार ५ वर सेन्यो ठेवा, बार १२ वर 'टू कोडा' आणि बार ३७ वर कोडा.
5. बार ३६ वर 'डी.एस. अल कोडा' द्या. तिन्ही फेऱ्या संपल्या की प्रोग्रॅम सेन्योवर जातो, ध्रुवपद वाजवतो आणि बार १२ नंतर कोड्यावर उतरतो.
6. अंतऱ्याखाली शब्दांच्या तीन ओळी भरा. पहिल्या ओळीत असताना 'एंटर' दाबलं की त्याच स्वराखाली दुसरी ओळ सुरू होते. स्पेस दिली की पुढचा स्वर, हायफन दिलं की त्याच शब्दाचं पुढचं अक्षर. जोडाक्षर मध्येच तोडू नका. शब्दांसाठी देवनागरी फॉन्ट स्वतः निवडा, नाहीतर दुसऱ्या संगणकावर अक्षरांच्या जागी चौकोन दिसू शकतात.

आता तपासणी. ४ बार, मग ३२ बारांच्या तीन फेऱ्या, मग ध्रुवपदाचे ८ आणि शेवटचे ४: एकूण ११२ बार. मिनिटाला १०० मात्रांची लय असेल, तर हे ४ मिनिटं २९ सेकंद चालायला हवं. प्रोग्रॅम १ मिनिट ३६ सेकंदांत थांबला, तर त्याने एकही रिपीट घेतलेला नाही. खुणांकडे टक लावून बसण्यापेक्षा घड्याळ बघा. चूक आहे की नाही ते लगेच कळतं.

हमखास अडणाऱ्या जागा

- खूण काढलेली आहे, दिलेली नाही. 'डी.सी.' साध्या मजकुरासारखं टाइप केलं किंवा कंस रेघेने आखला, तर छपाईत फरक दिसत नाही, पण प्रोग्रॅमला ती सूचना वाटत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं सर्वांत वारंवार सापडणारं उत्तर हेच. खूण पॅलेटमधूनच घ्या.
- वाजवण्याच्या पट्टीवर 'प्ले रिपीट्स' बंद आहे. खुणा उसकटण्याआधी हे पाहा.
- सुरुवातीची रेघ विसरली. मग प्रोग्रॅम गाण्याच्या अगदी आरंभाला जातो आणि सुरुवातीचं म्युझिक दर फेरीत वाजतं.
- पहिल्या शेवटाचा कंस आहे, पण त्याच्या अखेरीस रिपीट-रेघ नाही. कंस फक्त 'कोणत्या वेळी' हे सांगतो. 'मागे जा' हे रेघ सांगते. दोन्ही लागतात.
- तीन फेऱ्यांत पहिला शेवट दोनदा हवा आहे. कंस निवडून त्याच्या 'रिपीट लिस्ट'मध्ये '१, २' भरा आणि दुसऱ्या कंसात '३'.
- उठाव. गाणं समेच्या एक मात्रा आधी उठत असेल, तर सुरुवातीचा बार एका मात्रेचा असतो. मग परतण्याआधीचा बार तीन मात्रांचाच हवा, नाहीतर दर फेरीत एक मात्रा वाढते आणि तबलजी चुकल्यासारखा वाटतो. बारची खरी लांबी 'मेझर प्रॉपर्टीज'मध्ये बदलता येते.
- परतल्यावरचे रिपीट. डी.सी. किंवा डी.एस. नंतर आतले रिपीट पुन्हा घेत नाहीत, हा सर्वसाधारण प्रघात. तुम्हाला घ्यायचे असतील, तर त्या खुणेच्या गुणधर्मांत तशी सोय आहे. वादकांच्या प्रतीवरही शब्दांत लिहा.

उलगडलेली मिडी पुन्हा आटोपशीर कशी करायची?

1. मिडी उघडल्यावर लगेच वेगळ्या नावाने साठवा.
2. एकाच भागाच्या दोन फेऱ्या समोरासमोर ठेवा. मिन्युएटमध्ये बार १ ते १६ आणि १७ ते ३२. पहिला बार सतराव्याशी, दुसरा अठराव्याशी, असं ताडून पाहा.
3. तंतोतंत सारखे असतील, तर १७ ते ३२ बार पूर्ण काढून टाका आणि बार १६ ला शेवटची रिपीट-रेघ द्या; दुसऱ्या भागाचंही असंच, सुरुवातीच्या रेघेसह. फक्त स्वर पुसले तर रिकामे बार शिल्लक राहतात.
4. शेवटचे एक-दोन बारच वेगळे असतील, तर त्यांचा पहिला-दुसरा शेवट करा.
5. मध्येच बदल असेल, हरकत किंवा वेगळी तान असेल, तर रिपीट करू नका. ते सुटं लिहिलेलंच बरं. कागद वाचवताना संगीत गमवायचं नाही.
6. शेवटी वाजवून बघा. बार निम्मे झाले, पण वाजण्याचा वेळ तोच राहिला, तर काम बरोबर झालं.

तुमचे हक्क आणि दुसऱ्यांचे

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सांगीतिक कृतीच्या व्याख्येत तिची स्वरलिपीही येते, आणि दुसऱ्याच्या रचनेचं स्वरलेखन किंवा वाद्यमेळासाठी केलेली मांडणी हे रूपांतर मानलं जातं. म्हणून एवढं ध्यानात ठेवा:

- संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. शब्दांचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगचा त्याहून वेगळा.
- 'संगीत मानापमान' (१९११) च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या आणि शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, टेंबे १९५५ मध्ये. दोघांचीही मुदत संपली आहे, त्यामुळे या पदांचं नोटेशन तुम्ही मोकळेपणाने लिहू आणि वाटू शकता. पण एखाद्या गायकाने अलीकडे केलेलं ध्वनिमुद्रण मोकळं नाही.
- स्वतःच्या अभ्यासासाठी नोटेशन उतरवायला, शिक्षकाने शिकवण्यासाठी प्रत काढायला आणि शिक्षणसंस्थेत विद्यार्थी-पालकांपुढे सादर करायला कायद्यात सवलत आहे. हक्क असलेल्या गाण्याचं नोटेशन विकायला किंवा सर्वांसाठी खुलं करायला परवानगी लागते.
- तुम्ही रचलेल्या चालीवर तुमचा हक्क ती रचताच येतो. नोंदणी सक्तीची नाही. तारखेसह मूळ फाइल जपलीत, तर पुरावा हाताशी राहतो.

खर्चाबद्दलही एक खुलासा. म्यूझस्कोर हा नोटेशनचा प्रोग्रॅम पूर्ण मोफत आहे. त्याच नावाचं नोटेशन वाटून घेण्याचं संकेतस्थळ वेगळं, आणि तिथल्या काही सोयींना वर्गणी पडते. प्रोग्रॅमसाठी पैसे भरायचे समजून ती वर्गणी भरू नका.

फाइल टिकवायची कशी?

१९८८ पासून जगभर वापरात असलेल्या फिनाले या प्रोग्रॅमचा विकास थांबवल्याचं त्याच्या कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलं. ज्यांच्या कपाटात वर्षानुवर्षांच्या फिनालेच्या फायली आहेत, त्यांनी प्रोग्रॅम चालू आहे तोवर प्रत्येक फाइलची म्यूझिकएक्सएमएल काढून घ्यावी. बाकीच्यांनीही हीच सवय लावून घ्या. प्रत्येक रचनेच्या तीन प्रती ठेवा:

- मूळ फाइल, बदल करण्यासाठी;
- म्यूझिकएक्सएमएल, उद्या प्रोग्रॅम बदलला तर;
- पीडीएफ, काहीच उघडलं नाही तरी निदान वाचता यावं म्हणून.

मूळ फाइलमधून मिडी आणि एमपी३ केव्हाही पुन्हा काढता येतील. फक्त मिडी उरली असेल तर रिपीट गेले, आणि फक्त एमपी३ उरली असेल तर लिखाणच गेलं.

आज एवढंच करा. तुमच्याकडचं सर्वांत जुनं, सर्वांत कष्टाने लिहिलेलं नोटेशन उघडा, त्याची म्यूझिकएक्सएमएल काढा, ती नव्या फाइलसारखी उघडून पहिल्या बारपासून शेवटपर्यंत वाजवा आणि घड्याळ लावा. वेळ जुळला, तर तुमचे रिपीट शाबूत आहेत.